आबांच्या म्हशी आणि देशाची अर्थव्यवस्था

आमच्या धंद्यात गॅस कमी निघतो आणि किस्से जास्त. चार माणसं चहाला बसली की कुणीतरी विचारतंच, "काय विलासराव, देश कुठवर आला?" मग मी एक सांगतो, त्यातून दुसरा निघतो आणि चहा थंड होतो.

आधी धंदा सांगतो. मी आणि धनाजी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एकाच फौंड्रीत होतो. मी क्वालिटीला, तो मेंटेनन्सला. जेवणाच्या सुट्टीत डबा खाता खाता आम्ही देशाची काळजी करायचो. तेल बाहेरून आणायचं, गॅस बाहेरून आणायचा, सगळा पैसा परदेशी धाडायचा, मग रुपया उठणार कसा? आणि इकडं गोठ्यागोठ्यात इंधन पडलंय! एवढं बोलून डबा बंद करायला हवा होता. आम्ही राजीनामे दिले आणि गोबरगॅसचे प्लँट बसवायला लागलो. देश सावरायला फार वेळ लागणार नाही, असं तेव्हा मनापासून वाटत होतं.

*

पहिली सभा शाहूवाडीकडच्या एका गावात झाली. भाताची कापणी उरकलेली, त्यामुळे देवळात माणसं बरीच जमली. मी लॅपटॉप नेला होता. आयात, व्यापारातली तूट, रुपयाची घसरण, सगळं रंगीत आलेखांत! शेवटी आवाज चढवून सांगितलं की तुमच्या गोठ्यातलं शेण हेच उद्याच्या भारताचं तेल आहे. कुणी हललं नाही. मला वाटलं, भारावलेत.

पुढं बसलेल्या एका म्हाताऱ्यानं तंबाखू मळत विचारलं, "सगळं पटलं बगा, पावणं. तुमच्या घरात हाय का ह्यो प्लँट?"

मी धनाजीकडं पाहिलं. धनाजी लॅपटॉपची वायर गुंडाळायला लागला होता.

*

हा प्रश्न पुढं प्रत्येक गावात आला. धनाजी सुटायचा, कारण तो शहरात फ्लॅटमध्ये राहतो आणि तिसऱ्या मजल्यावर म्हैस बांधता येत नाही. माझं गाव मात्र कागलच्या वाटेवर. दारात चार म्हशी. त्या म्हशींचे मालक आबा, म्हणजे माझे वडील.

आबांच्या म्हशींचं शेण जातं शेणीला, म्हणजे गोवऱ्या थापायला. कोल्हापूरच्या स्मशानात लोक शेणी दान करतात, हे इकडं सगळ्यांना माहीत आहे. होळीच्या दिवसांत गावोगावच्या ट्रॉल्या भरून जातात. माझी आई गेली तेव्हा तिलाही अशाच कुणीतरी दिलेल्या शेणी लागल्या. तेव्हापासून आबांची ट्रॉली एकदाही चुकलेली नाही. त्यांच्यापुढं विषय काढायला मला धीर होत नव्हता, पण काढला. शाहूवाडीचं सगळं भाषण त्यांना ऐकवलं, रुपयासकट. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं.

मग म्हणाले, "देशाचं शेण येगळं आसंल. ह्ये माज्या म्हशींचं हाय."

गिऱ्हाईक तुटत होतं, ते सोडा. मला आतून एवढंच हवं होतं की चांगली नोकरी सोडून पोरगं काहीतरी बरं करतंय, असं आबांनी एकदा म्हणावं. ते माझ्या कामाबद्दल काहीच बोलायचे नाहीत. घरी आलो की विचारायचे, "जेवलास?"

*

जयसिंगपूरच्या बाजूला एका बागायतदाराकडं प्लँट बसवला. उद्घाटनाला पाहुणे, भाऊबंद, फोटोवाला, सगळा थाट. नव्या शेगडीवर आधी दूध उतू घालायचं, ही रीत. पण धनाजी हौशी. सकाळपासून जो पाहुणा येईल त्याला तो ज्योत पेटवून दाखवत होता. आत्याबाईंना दाखवली, व्याह्यांना दाखवली, टपाल द्यायला आलेल्या माणसालाही दाखवली. मालकीणबाईंनी पातेलं ठेवलं तेव्हा टाकीत गॅस उरला होता तो उदबत्तीपुरता. दूध काही तापेना. बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. पहिलंच दूध उतू गेलं नाही तर घरात वर्षभर त्याचीच चर्चा होणार.

शेवटी पातेलं मागल्या दारानं शेजारच्या घरी नेलं, तिथल्या सिलिंडरवर खळखळून उकळलं आणि धावत आणून आमच्या शेगडीवर ठेवलं. धनाजीनं कोपरानं ते अलगद कलंडवलं. दूध उतू गेलं. टाळ्या पडल्या.

तो फोटो आजही आमच्या माहितीपत्रकावर आहे. खाली लिहिलंय, "ऊर्जेत स्वावलंबन!"

*

पण कोल्हापूर जिल्ह्यात प्लँटची खरी परीक्षा दुधावर होत नाही, मटणावर होते. शंकरराव नावाच्या एका गिऱ्हाइकानं सगळी भावकी जेवायला बोलावली आणि जाहीर केलं की आज सगळा स्वयंपाक गोबरगॅसवर. मी धनाजीला दम दिला की पाहुण्यांना ज्योत दाखवायची नाही. त्यानंही ऐकलं. मटण शिजलं, पांढरा रस्सा झाला, आणि तांबड्याचा मसाला परतायला घेतला तेव्हा ज्योतीनं मान टाकली. मग अंगणात तीन विटा मांडून लाकडं पेटवली. धुरात उभा राहून मी शंकररावांना थंडीत टाकीवर काय परिणाम होतो ते समजावत होतो.

त्यांनी माझ्या वाटीत पांढरा रस्सा वाढला. "घ्या, इंजिनेरसाहेब. पांढऱ्यापुरता देश स्वावलंबी झाला."

*

एक प्लँट मात्र फार सुंदर चालला. इतका की आम्ही दिवसाआड नवी गिऱ्हाइकं तिथं दाखवायला न्यायला लागलो. आणि एक दिवस तो बंदच पडला. आम्ही पाइप उघडले, व्हॉल्व्ह बदलला, सगळीकडं साबणाचं पाणी लावून गळती शोधली. फौंड्रीतली सगळी विद्या वापरून झाली. गळती कुठंच नव्हती.

तेवढ्यात घरची सून फिनेलची बाटली घेऊन बाहेर आली. म्हणाली, तुमची सारखी माणसं येतात, वास आलेला बरा दिसत नाही, म्हणून रोज गोठा फिनेलनं धुते आणि ते पाणी शेणाबरोबर टाकीत सोडते. ज्या जंतूंच्या जिवावर आम्ही देश सावरणार होतो, ते सगळे मेले होते. आणि सुनेला फिनेल घ्यायला लावलं होतं ते आम्हीच, माणसं आणून आणून.

*

मग परदेशात कुठंतरी लढाई पेटली आणि इकडं सिलिंडर लांबला. खरं सांगतो, मला आनंद झाला. होऊ नये, पण झाला. मी म्हणत होतो तेच झालं होतं! फोन वाजायला लागले. माझा आवाज मंत्र्यासारखा झाला.

नेमका आमचाही सिलिंडर संपला. सुनीतानं, म्हणजे माझ्या बायकोनं, परसात चूल मांडली आणि आबांच्याच शेणी लावल्या. मी चुलीशेजारी उभा राहून फोनवर कुणाला तरी घरगुती ऊर्जेचं महत्त्व पटवत होतो. धूर डोळ्यांत जात होता. सुनीतानं माझ्या मोकळ्या हातात फुंकणी दिली.

"बोलत बोलत जरा फुंका की."

आबा बाजूच्या बाजेवर बसून हे सगळं बघत होते.

*

त्यानंतर थोड्याच दिवसांत मी आणि धनाजी एका गावाहून परतलो, तर आमच्या गोठ्यामागं मोठा खड्डा खणलेला. दोन माणसं त्यात उतरून वीटकाम करत होती. अंगात पिवळे टीशर्ट, पाठीवर आमच्या धंद्यातल्या दुसऱ्या कंपनीचं नाव. आबा त्यांना चहा देत होते.

"आबा, हे काय?"

"प्लँट बसवतोय. दोन म्हशींचं शेणीला, दोन म्हशींचं टाकीला."

"पण ह्यांच्याकडनं?"

"मग? बिघडला तर ह्यास्नी शिव्या घालता येत्यात. घरच्या माणसाला कुठवर बोलायचं?"

धनाजी गाडीपाशी जाऊन उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. हसत होता की काय करत होता, मी विचारलं नाही. खाली त्या माणसांनी शेण आत सोडायचा पाइप धरला होता. उतार चुकत होता, ते मला वरून दिसत होतं. दुसऱ्याच्या कामात आपण कशाला बोलायचं?

आबांनी कप खाली ठेवला आणि खड्ड्याकडं बघून हाक मारली.

"ए, थांबा रं. पाइप बसवायच्या आदी ह्याला इचारा. माजा पोरगा हाय त्यो. ह्यातलं त्येच्याएवढं जिल्ह्यात कुणाला कळत न्हाय."

मी चपला काढल्या आणि खड्ड्यात उतरलो.