नकाशावरचा मधु

सूर्यमाळच्या आमच्या पाड्यावरच्या शाळेला एकच धड भिंत होती. अठ्ठ्याण्णव साली तिच्यावर देशाचा नकाशा काढायचा हुकूम आला. छप्पर दुरुस्तीसाठी आम्ही पाठवलेलं पत्र वर्षभर पडून होतं, पण नकाशाची घाई होती. जव्हारचे रंगारी शरीफचाचा डबे-ब्रश घेऊन एसटीने आले आणि कामाला लागले. आसामात चहाचं पान, पंजाबात गव्हाची ओंबी, बिहारात कोळशाचा ढीग.

गौराबाई शाळेशेजारीच राहायची. शाळेचा माठ भरायचं तिनं आपणहून अंगावर घेतलं होतं, आणि त्याबरोबर मला फैलावर घ्यायचंही. मी वर्गात पोरांवर ओरडले की ती दारातून माझ्यावर ओरडायची. मला तिची फार माया वाटायची, पण तसं बोलायची सोय नव्हती.

तिचा एकुलता एक मुलगा, मधु, दिवाळी झाल्यावर मुकादमाबरोबर भिवंडीला रेतीवर गेला होता. खाडीत बुडी मारायची, तळातून बादली भरून वर यायचं, हे त्याचं काम. आमच्याकडे याला 'कामाला गेला' म्हणत नाहीत, 'जगायला गेला' म्हणतात. त्याच्या जोडीचा सोम्या मध्येच परतला. मधुला दुसऱ्या रेतीबंदरावर नेलं, पुढचं ठाऊक नाही, एवढंच त्यानं सांगितलं. होळीला पाड्याचं माणूस कुठंही असलं तरी घरी येतं. गौराबाई होळीची वाट बघत होती आणि होळीला भीतही होती.

चाचांचं काम चाललं की ती माठ खाली ठेवून समोर बसायची. एकेका चित्राला बोट दाखवून तिथं काय निघतं ते विचारायची. शेवटी म्हणाली, "आन आपल्याइथून काय जातं, बाय?"

पुस्तकात काहीच नव्हतं. मी आपलं "नागली" म्हणून ठोकून दिलं.

"नागली आपल्यालाच नाय पुरत, ती कुठं जाती? आपल्याइथून माणसं जातात. चाचा, माणूस काढ."

चाचांनी माझ्याकडे बघितलं. हुकमात माणूस नव्हता. मी म्हटलं, "काढा."

चाचांनी डोक्यावर बोचकं घेतलेला अंगठ्याएवढा माणूस काढला. नकाशा अख्ख्या देशाचा, त्यामुळे तेवढ्याशा माणसाखाली आमचा मोखाडा तालुकाही आला आणि भिवंडीही. चाचा म्हणाले, "हे बघा मावशी, डोकं आपल्या पाड्यावर, पाय भिवंडीत."

"इतकाच लांब?" गौराबाई म्हणाली. तिचा चेहरा एकदम उजळला. मग रोज माठ भरून झाला की ती त्या माणसावरून एकदा हात फिरवून जायची.

होळीच्या दिवशी ती सकाळपासून रस्त्यावर उभी होती. एसटी आली, जीप आल्या, माणसं उतरली. मधु अगदी संध्याकाळी, चालत आला. वाळून गेला होता, पायाला पत्रा लागून मोठी जखम झालेली, लंगडत होता, पण आला. तिनं आधी त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि मग रडली. मीही रडले.

शाळा उघडली त्या सकाळी गौराबाई शेणाचा गोळा घेऊन आली आणि तिनं तो नकाशावरच्या माणसावर थापला.

"अहो गौराबाई, सरकारी नकाशा आहे!"

"तो घरी आला हाय ना? मंग तिथं कोण उभा हाय?"

शेण तसंच राहिलं.

रंगपंचमी झाली आणि मुकादमाची गाडी आली. पाय अजून बरा नव्हता, पण मधु गेला. गौराबाई त्या दिवशी माठ भरायला उशिरा आली. हातात ओलं फडकं होतं. शेण वाळून घट्ट बसलं होतं. मी म्हटलं, "द्या, मी पुसते."

तिनं फडकं दिलं नाही. आधी बोचकं दिसायला लागलं, मग डोकं, मग अंग. खाली आल्यावर तिचा हात अगदी हळू झाला.

"जोरात घासा, नाहीतर निघायचं नाही," मी म्हटलं.

"नको बाय," ती म्हणाली. "पायाला लागलंय त्याच्या."