शिवांशचं गाजर आणि आबांचं बोट

"आबा, आधी बोट काढा त्याच्या तोंडातून." मी जरा जोरातच म्हणाले.

बारामतीतली माझी लहान मुलांची ओपीडी. समोर निरवांगीचे आबा, मांडीवर अकरा महिन्यांचा नातू शिवांश. उकडलेल्या गाजराची मऊ फोड मी त्याच्या हातात दिली होती. त्यानं ती तोंडात कोंबली, ओकारीची उबळ आली, तोंड लालबुंद. आबांनी टाळू थोपटली, "वर बघ, चिमणी बघ" म्हणत मान वर केली आणि बोट थेट घशाकडे. शेजारी सून पल्लवी रडायलाच लागली.

बोट निघालं. शिवांश खोकला, गाजर थुंकलं आणि परत त्यालाच हात घातला.

मी तशी तापट, पण या माणसांवर चिडणार तरी किती? मागे शेजारच्या कुणीतरी भरवलेला शेंगदाणा शिवांशच्या घशात अडकला होता. पोर निळं पडलं होतं. नशिबानं शेंगदाणा बाहेर आला. त्या दिवसापासून वरण-भात, चपाती, अगदी केळंसुद्धा मिक्सरमधून. आता चमचा दिसला की पोरगं तोंड फिरवायचं. वजन जागचं हलेना. चावायची सवय या वयात लागली नाही तर पुढे फार जड जातं.

मी फरक समजावला. मूल ओकारी काढतंय, खोकतंय, आवाज येतोय, म्हणजे श्वास चालू आहे. त्याचं त्याला काढू द्यायचं. आवाज बंद झाला, रडू फुटेना, ओठ निळे पडले, तर घास अडकलाय. तेव्हा पालथं घालायचं, डोकं खाली, आणि दोन्ही खांद्यांच्या मध्ये पाठीत जोरात थापा. तरी निघाला नाही तर उताणं करून छातीच्या मधोमध दोन बोटांनी दाबायचं. न दिसणाऱ्या तुकड्यासाठी बोट घातलं तर तो आणखी आत जातो. मान वर केली तरी धोकाच. सगळं बाहुलीवर करून दाखवलं, आबांकडून करून घेतलं. द्यायचं ते दोन बोटांत सहज चेंगरेल इतकं मऊ. शेंगदाणे, अख्खी द्राक्षं, उसाचं कांडकं इतक्यात नाहीच.

पल्लवी म्हणाली, दोन वर्षांचा होईपर्यंत मिक्सरच राहू दे. ती लोणी देवकरला कंपनीत, नवरा ऊसवाहतुकीच्या ट्रॅक्टरवर सोमेश्वरनगरला, सासू हयात नाही. दिवसभर पोर आबांकडेच.

"मला भ्या वाटतंय, मॅडम," आबा म्हणाले. "शेंगदाण्याच्या येळंला बी ह्याच मांडीवर हुता."

भीती मलाही वाटते, हे मी त्यांना सांगितलं नाही. मिक्सर बंद करा, एवढंच सांगितलं.

पुढच्या आठवड्यात पल्लवीचा फोन. कंपनीत जेवणाची सुट्टी झाली होती आणि घरी आबा फोन उचलत नव्हते. मिक्सरमधून न काढलेलं ते आज पहिल्यांदाच एकटे भरवत होते. तिला शेजारी फोन करायला सांगून मी आबांना लावला. रिंग वाजून बंद. परत लावला. परत तेच. समोरच्या पेशंटचा कान तपासत होते, पण मला काही दिसत नव्हतं. हट्ट माझा होता. पोराला काही झालं तर पल्लवीला मी कोणत्या तोंडानं भेटणार होते?

मग आबांचाच फोन आला.

"शिवांश कुठंय?"

"हितं हाय की. रताळं खातुय."

फोन का उचलला नाही, म्हणून मी ओरडलेच.

"तेनं दोनदा ओकारी काढली," आबा शांतपणे म्हणाले. "मला समजतंय वो, पर बोट आपसूक जातंय. मग दोनी हात मांडीखाली दाबून बसलो. फोन वाजत हुता. पर हात काढला असता तर फोनकडं न्हाय, पोराच्या तोंडातच गेला असता."

"आणि आवाज बंद पडला असता तर?"

"तर काढलं असतं की हात. कान तितंच लावलं हुतं."

आधी पल्लवीला फोन करा, असं म्हणाले आणि पेशंटचा कान पुन्हा तपासायला घेतला.

शिवांश आता आमटीत कुस्करलेली भाकरी खातो, वजनही वाढतंय. बाहुलीवर शिकवून झालं की हल्ली मी पालकांना आणखी दोन गोष्टी सांगते. बोट आवरत नसेल तर हात मांडीखाली घेऊन बसा. आणि बसण्याआधी घरच्यांना कळवा, की आता थोडा वेळ फोन उचलणार नाही.