खिळ्यावरचं गोणपाट

चिकूचा चीक बोटांवर वाळला की त्याचा काळसर थर दोन-दोन दिवस निघत नाही. माझ्या आत्याच्या बोटांवर तो जन्मखुणेसारखा वसलेला असे. रानशेतहून रोज सकाळी ती डहाणूजवळच्या एका वाडीत चिकू निवडायला येई. लहानपणी सुट्टीत मी तिच्या मांडीला टेकून बसायचे. पत्र्याच्या शेडमधला तो मंद, किंचित आंबूस गोडवा अजूनही कधी अवचित नाकाशी दरवळतो.

शेडच्या मागच्या खिळ्याला एक गोणपाट टांगलेलं होतं. उधव्याहून लग्न होऊन आलेली एक निवडणारी त्यावर बसत असे. गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाने ती गेली, आणि त्यानंतर त्यावर कोणी बसलं नाही. बसलं तर रोग लागतो, असं म्हणत. भाताच्या आवणीत चिखलात उभं राहून पोटात पाणी चढतं, असंही. मग आवाज उतरे: “तिचं वागणंच तसं असणार.” तिची मुलगी दाराशी एकटी बसून निवडत असे, तिचे हात तेवढे क्षणभर थांबत.

पुढे मी नोकरीला लागले. एका सुट्टीत कळलं की गावच्या उपकेंद्रात याच आजाराची तपासणी होणार आहे. मी आत्याला चल म्हटलं.

“मला काय झालंय? ना दुखतंय, ना खुपतंय.”

“म्हणूनच चल.”

ती फळं उलटत राहिली. “बारा वर्षं झाली तुझे आतोबा जाऊन. मी तिथं गेले, तर तिच्याबद्दल बोलले ते माझ्याबद्दल बोलतील. आणि मी पण बोलले होते गं, तेव्हा.”

तरीही ती आली, डोक्यावरचा पदर घट्ट धरून. डॉक्टरबाई तरुण होत्या. आत्याने थेट विचारलं, “चिखलानं होतो का हा? की कोणाच्या गोणपाटावर बसून?”

“नाही आजी. चिखलानं नाही, कोणाच्या गोणपाटावर बसून नाही, कोणाच्या शापानंही नाही. मूळ कारण एक विषाणू. शरीरसंबंधातून येतो, आणि इतका सर्रास असतो की संसार केलेल्या बहुतेकांना कधी ना कधी गाठतो. बहुतेकींच्या अंगातून आपोआप जातो. एखादीच्या अंगात तो वर्षानुवर्षं मुक्काम करतो, तिला त्रास होऊ शकतो. एकाच नवऱ्याशी संसार केलेलीलाही होतो. वागण्याचा दाखला नाही तो.”

“आणि तुम्ही बघता कसं?”

“छोट्या ब्रशने गर्भाशयाच्या मुखावरच्या थोड्या पेशी घेतो. रोग व्हायच्या आधीच बदल दिसतो.”

आत्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा ओळखीचं हसू आलं. “म्हणजे नखानं साल खरवडून बघायचं! वरून सगळे चिकू सारखेच. खाली हिरवं दिसलं की कच्चं, बाजूला ठेवायचं.”

“अगदी तसंच,” डॉक्टरबाई हसल्या. “नखं तेवढी आमच्याकडे नसतात.”

आत्याच्या तपासणीत बदल निघाला. कर्करोग नव्हे, त्याच्या वाटेवरचा. पुढची तपासणी आणि छोटासा उपचार डहाणूत झाला. वेळोवेळी परत दाखवायला सांगितलं होतं, ती जात राहिली.

कामावर परतली त्या सकाळी मी सोबत होते. तिने खिळ्यावरचं गोणपाट उतरवलं, झटकलं आणि त्यावर बसली. धूळ उन्हात तरंगत राहिली.

“अगं, ते तिचं!” एकजण ओरडली.

“माहीत आहे. मलाही तेच होणार होतं, वेळेत सापडलं. तिचं कोणी पाहिलंच नाही. आपण फक्त बोललो.”

दाराशी बसलेल्या तिच्या मुलीने आपली टोपली उचलली, आत्याजवळ आणून ठेवली, आणि खाली मान घालून विचारलं, “मावशी, मलाही तपासायला नेशील?”

“नेईन,” आत्या म्हणाली, “पण आधी बस इथं.” आणि तिने गोणपाटाचा अर्धा भाग मोकळा केला.