रिटेन्शन नव्हे, टेन्शन!

आता कसं सांगू, माझं फक्त एक वाक्य नीट ऐकू गेलं नाही, आणि अख्खं पॅकिंग डिपार्टमेंट माझ्या केबिनबाहेर रडत उभं राहिलं!

मी वागळे इस्टेटमध्ये औषधांच्या पॅकिंगच्या एका कंपनीत एचआरला आहे. मध्यंतरी आमच्याकडच्या बायका एकेक करून सोडून चाललेल्या. डोंबिवलीत मानपाड्याला नवीन कंपनी उघडलेली, आणि आमच्या निम्म्या बायका डोंबिवलीच्याच! साहेब म्हणाले, "पगार तिकडच्याइतका करू. वर काय द्यायचं ते तू शोध."

मी शोधलं. रिटेन्शन बोनस! वर्षभर टिकलात की एक पगार जादा. मशिनच्या धडधडाटात मी घसा फोडून जाहीर केलं, "रिटेन्शन बोनस मिळणार! काही विचारायचं असेल तर केबिनमध्ये या!"

दुपारी सुनंदाताई आल्या. सगळ्यात जुन्या. खुर्चीत बसल्या आणि डायरेक्ट डोळ्यांना पदर.

"सर, मला खूप आहे हो."

"काय?"

"टेन्शन! मुलाची बारावी, ह्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन..."

मी घाबरून पाणी दिलं. तेवढ्यात प्रज्ञा आत घुसली. "सर, त्यांच्यापेक्षा माझं जास्त आहे! मला दोन सासवा आहेत. एक सख्खी, एक चुलत!"

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. "अगं, टेन्शन नाही, रिटेन्शन!"

"तेच ना सर. रि म्हणजे परत परत होणारं. मला रोज होतं."

दार उघडून बघतो तर ही लाइन! शेवटी वॉचमन. "सर, जेंट्सला पण आहे ना?"

हाकलून देता आलं असतं. पण एकेकीचे चेहरे बघितले आणि धीर होईना. संध्याकाळपर्यंत ऐकत बसलो. सासवा वेगळ्या, आजारपणं वेगळी, पण एक गोष्ट प्रत्येकीची सारखी. पोरं शाळेतून येतात तेव्हा घराला कुलूप असतं. मानपाड्याची ओढ पगाराची नव्हतीच हो, लवकर घरी पोचायची होती!

साहेबांकडे गेलो. "बोनस राहू दे, पण शिफ्ट सकाळी लवकरची करा."

साहेब कुरकुरले, पण मानले. सुनंदाताईंनी मला घरचा खरवस आणून दिला. जाणाऱ्या दोघींनी राजीनामे मागे घेतले. मी हवेत!

साहेबांनी लगेच खाली आणलं. "आयडिया तुझी ना? मग सकाळी सातला कंपनी उघडायला तूच यायचं."

मी कल्याणला राहतो. अंधारात उठतो, डोळे मिटूनच दात घासतो, एकदा तर शेव्हिंग क्रीमनेच घासलेले!

बायका सगळ्या टिकल्यात. नोकरी सोडायचा विचार आता कंपनीत एकच माणूस करतोय, आणि त्याला समजावून थांबवायचं कामही माझंच आहे!