स्टेपनी आहे ना?

विमा कंपनीत मोटार क्लेम तपासणं हे माझं काम. म्हणजे गेली वीस वर्षं लोकांच्या अपघाताच्या कहाण्या ऐकायच्या आणि त्यात खोटं कुठे आहे ते हुडकायचं. त्यामुळे "मला कुणीतरी दिसलं", "मला जाणवलं" असलं कुणी सुरू केलं की मी चहा मागवतो आणि विषय बदलतो. या ग्रुपवरच्या कित्येक अनुभवांखाली हसण्याचे इमोजी टाकून गेलेला शहाणा मीच... माफ करा. हे लिहितानाही तीनदा खोडलंय.

आम्ही मूळचे नायगावच्या बीडीडी चाळीतले. बाबा बस डेपोच्या टायर विभागातून रिटायर झालेले. एकदा टायरची रिंग उडून उजव्या हाताची करंगळी अर्धी गेली, तरी टायर दिसला की त्यांचे हात शिवशिवायचेच. माझी छोटी सीएनजी गाडी आली तेव्हा दर रविवारी ते स्टेपनीची हवा बघायचे. इतर चाकांपेक्षा पाच पौंड जास्त भरायचे — "पडून पडून हवा सोडते ती" — आणि टायरवर खडूने आकडा आणि तारीख लिहायचे. मराठी आकड्यांत, खाली एक आडवी रेघ. डेपोतली सवय.

मग आईचं डायलिसिस सुरू झालं आणि पंचाईत झाली. अशी गाडी असलेल्यांना सांगायला नको — डिकीत सिलिंडर, उरल्या जागेत एकतर स्टेपनी नाहीतर व्हीलचेअर. बाबा म्हणाले, "खुर्ची मागच्या सीटवर टाक. स्टेपनी काढायची नाय."

"अहो बाबा, आता नव्या गाड्यांत कंपनीच देत नाही. पंक्चर बुजवायच्या फेसाची बाटली आणि एवढासा पंप देतात."

"बाटलीवर गाडी चालते काय रे?"

वाद घालायला वेळ कुणाला होता! जिना उतरणं त्यांना जमेनासं झालं आणि रविवारची तपासणी बंद पडली, तेव्हा मी त्यांच्या नकळत स्टेपनी काढली आणि खोलीच्या पोटमाळ्यावर जुन्या सामानामागे टाकली. पुढे चाळ पुनर्विकासात गेली, आम्ही शिवडीला भाड्याच्या फ्लॅटमध्ये आलो, आणि चावी देताना स्टेपनी तिथेच राहिली. विसरलो नव्हतो... कंटाळा केला. नंतर अख्खी चाळ पाडली. आज तिथे पत्र्यांच्या आत मोठा खड्डा आहे.

शिवडीला बाबांनी अंथरूण धरलं. बाथरूमपर्यंत जायलाही दोघांचा आधार लागायचा. मी आईला घेऊन निघालो की आतून आवाज यायचा, "मंग्या, स्टेपनी आहे ना?"

"आहे, बाबा."

दसऱ्याला त्यांनी माझ्या बायकोकडून दादरच्या फुलबाजारातून झेंडूचे, मध्ये आंब्याचं पान ओवलेले पाच हार आणवले. चार चाकांना चार, पाचवा स्टेपनीला — आमच्याकडे हे असंच. मी खाली गेलो, चार हार घातले, आणि पाचव्याचं काय करायचं ते न कळून वॉचमनच्या सायकलला बांधून टाकला. वर येऊन सांगितलं, "घातला." ते नुसते हसले. दिवाळीनंतर आठच दिवसांत गेले.

आता मार्चमधली ती सकाळ. आईचं आदल्या वेळचं डायलिसिस हुकलं होतं, पाय सुजले होते, बोलताना धाप लागत होती. डॉक्टरांनी बजावलं होतं की आज उशीर चालणार नाही. परळच्या हॉस्पिटलात बाराला बेड होता. सव्वाअकराला निघालो. शिवडीच्या गोदामांच्या रस्त्यावर कंटेनर ट्रेलरची ही रांग! बाजूने काढायला गेलो आणि धाडकन आवाज. कुठल्याशा लोखंडी पट्टीने पुढचा टायर बाजूने बोटभर चिरला होता.

बाटली काढली. पांढरा फेस चिरेतून भळाभळा बाहेर आला. पंप नुसताच घरघरत राहिला. टॅक्सीच्या अ‍ॅपवर दोन ड्रायव्हरनी ट्राफिक बघून कॅन्सल केलं. मागून हॉर्न, डोक्यावर ऊन, आणि आत आई सीटला डोकं टेकून तोंडाने श्वास घेतेय. मला रडायला येत होतं, खरं सांगतो. बाबांना नाही, स्वतःला शिव्या घालत होतो.

तेवढ्यात समोरच्या टायरच्या दुकानातून एक पन्नाशीचा माणूस रस्ता ओलांडून आला. आईकडे पाहिलं, मग डिकीतल्या खुर्चीकडे.

"यही गाडी है ना? आपका स्टेपनी रखा है."

"मेरा नहीं होगा."

"अरे, सुबह अंकल छोड के गये. बोले, सफेद गाडी आयेगी, पीछे व्हीलचेअर होगी, माताजी बैठी होंगी."

वाद घालायला तेव्हाही वेळ नव्हता. त्याने चाक आणलं. माझ्याच गाडीचं चाक, तोच रिम, तोच टायर — कधी रस्त्याला न लागलेला, त्यावरचे रबराचे केसही शाबूत. रिमच्या मागे काहीतरी अडकलं होतं, ते त्याने ओढून माझ्या हातात दिलं. वाळलेला झेंडूचा हार, मध्ये आंब्याचं पान. आणि टायरवर खडूने आकडा, खाली आडवी रेघ. शेजारी तारीख. त्याच दिवसाची.

हार मी ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवला. त्याने दहा मिनिटांत चाक लावलं. बारा वाजून पाच मिनिटांनी आई बेडवर होती.

फोटो का नाही काढला, असं तुम्ही विचारणार. मीही क्लेमवाल्यांना हेच विचारतो. सुचलं नाही. परळला पोचेपर्यंत खडू पुसला गेला होता.

दोन दिवसांनी मी त्या दुकानात परत गेलो. चौकशी हा माझा धंदाच आहे, म्हटलं कुठेतरी गाठ सुटेल. चाळ पाडताना कुणी भंगारात उचललं असेल, फिरत फिरत इथे आलं असेल... मग तारीख? खुर्ची? टायरवाला म्हणाला, बारीकसे म्हातारे होते, पांढरा शर्ट. चाक हाताने ढकलत, चालत आले. हवा स्वतः बघितली, पाच पौंड जास्त भरायला लावली. हात कसे होते, मी विचारलं. त्याने स्वतःची करंगळी अर्धी दुमडून दाखवली.

"और कुछ बोले?"

"हां. बोले, लडके को कुछ बोलना मत. बस लगा देना."

घरी आल्यावर आईला सगळं सांगितलं. ती घाबरेल म्हणून ते दोन दिवस गप्प होतो. ती पदराशी चाळा करत बसली, मग म्हणाली, "त्यांना ठाऊक होतं रे. दसऱ्याला मी आणि सूनबाईने त्यांना खिडकीशी बसवलं होतं. हार सायकलला बांधलेला बघितला त्यांनी. मला म्हणाले, पोराला कायपण बोलू नकोस, त्याची आधीच धावपळ होतेय."

म्हणजे त्यानंतरही दर खेपेला ते विचारत होते, आणि मी दर खेपेला "आहे" म्हणत होतो. माझं खोटं ठाऊक असून ते ऐकून घेत होते.

या सगळ्याचा अर्थ मला लागलेला नाही. वॉचमन म्हणतो त्याच्या सायकलचा हार त्याने केव्हाच कचऱ्यात टाकला. मग माझ्या ग्लोव्ह बॉक्समधला कुठला? रात्रंदिवस डोक्यात हेच फिरतं, जेवणावर लक्ष लागत नाही. आता खुर्ची मागच्या सीटवर असते आणि तीच स्टेपनी परत डिकीत. आईला पुढे बसवलं की मी उतरतो, डिकी उघडतो, टायरवर हात ठेवतो आणि मोठ्याने म्हणतो, "आहे, बाबा." बिल्डिंगमधले लोक बघतात. बघू देत.