डिक्कीतून परत आलेली पैठणी

कस्तुरी लघाटे एका खासगी शाळेत गणित शिकवते. वय चाळीस, राहणार सुदामा नगर, आणि तोंडाची अशी फटकळ की आठवीची पोरं तिच्या तासाला खोकतात तेही विचारून. अशा बाईने शंकरपाळ्यांपायी नवी कढई विकत आणावी, म्हणजे पाणी कुठवर चढलं होतं ते समजा.

तिचा परेश जैनांच्या घरातला. सांवेर रोडच्या एका कारखान्यात खरेदी बघतो. लग्नाचा विषय निघाला की सहा वर्षं त्याचं एकच पालुपद, "मम्मी को मनाता हूँ." अखेर आषाढ लागता लागता मम्मीजींचा निरोप आला: रविवारी घेऊन ये.

रिकाम्या हाती जाणं लघाट्यांच्या रक्तात नाही. पण न्यायचं काय? कस्तुरीने परेशला खोदून खोदून विचारलं. कांदा-लसूण नको, बटाटा नको, मध नको, आणि यायचं ते दिवस मावळायच्या आत. घरच्या कढईत कांदाभजी झालेली, म्हणून ही नवी कढई. साडीचंही तिने विचारलं होतं, मेसेज करून. त्याचं उत्तर आलं, "साड़ी में क्या नियम? जो अच्छी लगे."

तिच्या वडिलांनी, गजाननरावांनी, कपाटातून पैठणी काढली. रमाबाईंची. बायको जाऊन सात वर्षं झाली होती, पण दर दिवाळी पाडव्याला हा माणूस पलंगावर स्वच्छ चादर अंथरून त्या पैठणीची घडी बदलायचा. एकाच घडीवर पडून राहिली की पदराची जर तुटते.

"बाबा, ही नको ना. बाजारातून घेऊ कुछ अच्छा."

"बाजारातली कोणीही देतं. त्या बाईंना कळू दे अपन कोण लोक आहोत. और सुन, कपाटात पडून तिचा काय फायदा? कुणी नेसली तर रमालाही बरं वाटेल." एवढं बोलून ते नळ बंद करायला म्हणून उठले. नळ बंदच होता.

रविवारी चारच्या ठोक्याला कस्तुरी मल्हारगंजात परेशच्या घरी पोचली. मम्मीजी ठेंगण्याशा, सुती साडीतल्या, शांत. शंकरपाळ्यांचा डबा त्यांनी दोन्ही हातांनी घेतला. नव्या कढईचं ऐकल्यावर तर तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "इतना सोचा बेटा तूने!"

मग तिने पैठणी उलगडली, आणि तोच हात मागे गेला.

"बेटा, रेशम का तो मेरा त्याग है. बाईस साल हो गए. एक साड़ी के लिए हज़ारों जीव उबालते हैं." बोलण्यात राग कुठेच नव्हता. त्यांनी हात जोडले. "तू बुरा मत मानना. तुझे क्या पता."

कस्तुरीच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. आईचं लग्नातलं लुगडं तिथे गुन्हेगारासारखं पडलं होतं. तिने परेशकडे बघितलं. एक वाक्य बोलला असता तरी पुरे होतं: चूक माझी, मीच सांगितलं नाही.

परेश बोलला. "मैंने तो बोला था इसको, मम्मी. सुनती कहाँ है."

मोबाईल पर्समध्येच होता आणि मेसेज मोबाईलमध्ये. कस्तुरीचा हात पर्समध्ये गेलाही. मग तिला त्याचा चेहरा दिसला. बेचाळीस वर्षांचा बाप्या, पण आईच्या कपाळाकडे असा बघत होता, जसा काच फोडलेला पोरगा बघतो. तिने हात रिकामाच बाहेर काढला. आज जिंकली असती. पण मग जन्मभर काय, रोज मेसेज दाखवत बसायचं?

"ग़लती मेरी है, मम्मीजी," ती म्हणाली आणि पैठणी पिशवीत घातली.

जिन्याखाली परेश धावत आला. "यार, तू समझती नहीं. उस टाइम यही बोलना पड़ता है."

"सहा वर्षं वर जाऊन माझ्याबद्दल हेच बोलत होतास ना रे?"

त्याला मराठी बोलता येत नव्हतं, कळत मात्र सगळं होतं. तिने पिशवी स्कूटीच्या डिक्कीत कोंबली आणि कुलूप फिरवलं.

घरी गजाननराव फाटकातच उभे होते. "घेतली?"

शाळेत खोटं बोलणाऱ्याला ही बाई बाकावर उभं करते.

"घेतली, बाबा. सणाला नेसतील."

त्या दिवशी म्हातारा किती महिन्यांनी दोन पोळ्या जास्त जेवला. सोमवारी पैठणी शाळेच्या लोखंडी कपाटात गेली, जुन्या उत्तरपत्रिकांच्या खाली. परेशचे फोन आठ दिवस आले, मग थांबले. बाबांनी लग्नाचं विचारलं की कस्तुरी म्हणायची, "चातुर्मासात त्यांच्यात लग्नं होत नाहीत." हे तेवढं खरं होतं.

पाडव्याच्या सकाळी गजाननरावांनी सवयीने चादर अंथरली, मग आठवलं, आणि ती परत गुंडाळली.

"कस्तुरी, घडी बदलत राहायचं सांगितलंस ना त्यांना? जर तुटते."

"सांगितलं."

"बस. आता बोलणी करायला अपनच जाऊन येऊ. चातुर्मास संपायला और कितना टाइम?"

"पंधरा दिवस," कस्तुरी म्हणाली.