वीस सेकंदांचं पाणी

आमच्या घरात पदवी घेतलेला पहिला माणूस मी, आणि ते सांगायला मला कधी संकोच वाटला नाही. शिरोलीच्या लोखंड ओतायच्या फौंड्रीत लागलो तेव्हा साच्यांच्या वाळूत ठरावीक वेळ पाणी सोडणारं छोटं यंत्र मीच बनवलं. त्याचा प्रोग्राम कागदावर लिहिला आणि तक्ता बघत एकेक आज्ञा हातानं आकड्यांत उतरवली. ते आकडे सोळाच्या हिशेबातले. कॉलेजात तसंच शिकवलं होतं. त्या हिशेबात 20 म्हणजे दोन सोळा, आपले बत्तीस. वर्षभर पाणी बत्तीस सेकंद पडत होतं आणि साचे चांगले निघत होते.

मग मालकांनी सीपीएम नावाच्या प्रणालीवर चालणारा संगणक घेतला. त्यात असेंब्लर होता. आज्ञा शब्दांत टाइप करायच्या, आकडे तो काढून देणार. मी जुना कागद समोर ठेवून सगळं टाइप केलं. त्यानं एकही चूक दाखवली नाही. त्यानं काढलेले आकडे नव्या चिपमध्ये भरले आणि ती सकाळी यंत्रात बसवली.

अकराच्या सुमाराला मोल्डिंगचे मिस्त्री ऑफिसच्या दारात आले. मूठ उघडून दाखवली, तर वाळूचा नुसता भुगा.

"सायब, कोरडी हाय."

"मिस्त्री, वेळ यंत्र मोजतंय. ते चुकत नाही."

"मोजंना का. साच्याजवळ यंत्र उभं ऱ्हातंय, का आमची माणसं?"

ते गेले. ऑफिसातले सगळे माझ्याकडे बघत होते. मिस्त्रींचं तोंड बंद करायचं म्हणून मी असेंब्लरचा कागद छापून घेतला. उजवीकडे मी टाइप केलेलं, डावीकडे त्यानं काढलेलं. उजवीकडे 20 होतं, डावीकडे 14.

सोळाच्या हिशेबात 14 म्हणजे एक सोळा आणि चार, साधे वीस. सोळाच्या हिशेबातला आकडा असेल तर त्याच्या शेवटी एच लावायचा, नाहीतर असेंब्लर तो साधाच धरतो. माझ्या कागदावर सगळंच सोळाचं, म्हणून एच कुठंच नव्हता. पाणी बारा सेकंद कमी पडत होतं.

कोरडा साचा फुटला तर तापलेलं लोखंड माणसाच्या पायावर येतं. मी लगेच धावलो असं लिहायला आवडलं असतं. पण आधी मी तो कागद घडी करून खिशात घातला. धरतील साचे, असं मनात आलं. तेवढ्यात भट्टीवरची घंटा झाली, म्हणजे आता ओतणार. मग मात्र साच्यांकडे पळालो.

"मिस्त्री, ओतू नका. पाणी कमी पडलंय. चूक माझी."

त्यांनी हात वर केला. लोखंड बाजूच्या चरात ओतून टाकलं. मालक आले.

"कुणी थांबवलं?"

"मी." कागद पुढे केला.

त्यांनी तो बघितलाही नाही. "असे आकडे यात आणखी किती आहेत?"

मी तिथंच एका पेटीवर बसून ओळ न् ओळ तपासायला लागलो. नऊपर्यंतचे आकडे दोन्ही हिशेबांत सारखेच; त्यापुढचे दुपारपर्यंत आणखी तीन सापडले. चौथा नाही असं मी कुणालाच छातीठोकपणे सांगू शकलो नाही. मिस्त्री येऊन शेजारी उभे राहिले.

"ऱ्हाऊ दे. दोन दिस पानी हातानं सोडतो. तुमी निवांत बघा."

निवांत कुठलं. मी परत पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.